हा वाटा कुणाचा?

डनफील्ड गावात मार्च महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी गावसभा भरे आणि तिथे वर्षाची कामं वाटली जात. कुणी पंच, कुणी कुंपणं तपासणारा, कुणी रस्त्याचा मुकादम. मोकाट डुकरं कोंडायचं काम त्या वर्षी लग्न झालेल्या नव्या नवऱ्याच्या गळ्यात मारायची रीत होती. त्याचं नाव पुकारलं की सगळं सभागृह पोट धरून हसे. तो बिचारा लाल होऊन उभा राही, शपथ घेई आणि खाली बसे.

माशांच्या राखणदाराचं नाव निघालं की मात्र कुणी हसत नसे. सत्तावीस वर्षं ते नाव एकच होतं, इनॉक पेटिन्गिल. त्याच्याआधी त्याचा बाप होता.

इनॉक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. डाव्या हाताची दोन बोटं त्याने तरुणपणी बर्फ कापताना गमावली होती. त्याचं शेत टेकडीच्या उतारावर. त्यात मका थोडा आणि दगड फार. "दर हिवाळ्यात माझी जमीन बाळंत होते आणि दर वसंतात मी सुईण होऊन तिचे दगड काढतो," असं तो म्हणायचा. विनोद जुना होता, पण दरवर्षी दगड निघत म्हणून तो दरवर्षी खराही ठरे. बायको हिटी, एकच जगलेली मुलगी लोइस, दोन बैल, एक गाय. रविवारी सकाळ-दुपार दोन्ही प्रार्थना, आणि जेवणाआधी बायबलातला एक अध्याय. गावात त्याच्यापेक्षा शहाणी आणि श्रीमंत माणसं होती. पण मे महिन्यातले तीन आठवडे सारं गाव त्याच्या तोंडाकडे बघे.

सॅनोकेट नदीच्या काठाने शॅडची झुडपं आहेत. पानं फुटायच्या आधीच ती फुलतात, आणि थंडीने काळपटलेल्या रानात कुणी चादरी वाळत घातल्यासारखी दिसतात. ती फुलली की समुद्रातून शॅड मासा वर येतो. त्याच्या नावावरूनच झुडपाला नाव पडलेलं. इनॉक त्या दिवसांत पहाटे उठून धबधब्याच्या खडकावर जाऊन बसे. पाण्याचा रंग बदलला, खालून चांदी सरकल्यासारखं दिसलं, की तो बापाचं बैलाचं शिंग तोंडाला लावी. त्या आवाजासरशी नांगर जागच्या जागी उभे राहत. शाळा सुटे. पाळकसुद्धा बाह्या सारून नदीवर येत.

आठवड्यातले तीन दिवस जाळं टाकायचं नाही, मासा वर जाऊ द्यायचा, असा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम इनॉकचं. उरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि गवतावर सारखे ढीग घालायचे. मग इनॉक ढिगांकडे पाठ करून उभा राही. दुसरा कुणीतरी एका ढिगावर काठी टेकवून ओरडे,

"हा वाटा कुणाचा?"

इनॉक मागे न बघता नाव घेई. पुन्हा काठी, पुन्हा आरोळी, पुन्हा नाव. कुणाला मोठा ढीग आला, कुणाला लहान. पण इनॉकने कुणाचं तोंड बघून वाटा दिला असं सत्तावीस वर्षांत कुणी म्हटलं नाही.

पहिला ढीग मात्र ठरलेला असे. "डॉर्कस सॉयरचा."

डॉर्कसमावशीचा नवरा एझा याच नदीत जाळं ओढताना वाहून गेला होता. तिला मूलबाळ नव्हतं. नदीकाठी एका खोलीचं घर, एक गाय, घेवड्याचा वाफा, आणि मे महिन्यात मीठ लावून भरलेली माशांची दोन पिंपं. ती पिंपं पुढच्या मे महिन्याच्या तोंडापर्यंत पुरत. त्या दोन पिंपांच्या जोरावर म्हातारी कुणाच्या दारात गेली नाही आणि जीभही तिने कुणासाठी आवरली नाही. पाळकांचं प्रवचन लांबलं तर ती मोठ्याने म्हणे, "बाबा, देवाला ऐकू जातं हो. आता भाकरी जळतेय."

अठराशे एकवीसच्या शरदात धबधब्याच्या वर बंधारा उभा राहिला. बॉस्टनकडच्या लोकांनी सूतगिरणी काढली. चार मजली, विटांची, इतक्या खिडक्यांची की संध्याकाळी दिवे लागले की म्हातारी माणसं उगाच बाहेर येऊन मोजत बसत. लोकांना बरं वाटलं. अंड्यालोण्याला गिऱ्हाईक आलं, मुलींना काम आलं. नव्याची नवलाई होती.

बंधाऱ्याला मासे जाण्यासाठी एक दार ठेवलेलं होतं. मे महिन्यात ते उघडायचं असा कायदाच होता, आणि उघडायचा हुकूम राखणदाराचा.

पुढच्या एप्रिलमध्ये गिरणीचा कारभारी थॉर्नडाइक इनॉककडे आला. तरुण, मऊ बोलणारा, हातमोजे काढून मगच हात मिळवणारा माणूस. हिटीने त्याला मक्याची भाकरी आणि मेपलचा पाक दिला. त्याने मागून दुसऱ्यांदा घेतला, म्हणून तो हिटीला आवडला.

"मिस्टर पेटिन्गिल, चुना अजून ओला आहे," तो म्हणाला. "आत्ता दार उघडलं तर पाण्याचा लोंढा दगड घेऊन जाईल. सगळा बंधारा जाईल. फक्त हे एक वर्ष. पुढच्या वर्षी मी स्वतः दार उघडून देईन."

"कायदा आहे ना पण," इनॉक म्हणाला.

"कायदा म्हणतो, राखणदाराने मागितलं तर. तुम्ही यंदा मागू नका, आणि तसं दोन ओळींत लिहून द्या. बस."

त्याने पैसे पुढे केले नाहीत. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे गावात काहीबाही बोललं गेलं. इनॉकने त्या सहीचा एक पैसा घेतला नाही. त्याने एक रात्र मागून घेतली.

रात्री त्याने बायबल उघडलं. सहा वर्षं शेत पेरावं आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, ही देवाची आज्ञा त्याला पाठ होती. त्याच्या बापाने टेकडीचा खालचा तुकडा तसा पडीक टाकला होता आणि पुढच्या वर्षी तिथे राय धान्याचं छातीएवढं पीक आलं होतं. इनॉक वाचत राहिला आणि त्याला हलकं वाटू लागलं. एक वर्ष मासा पकडला नाही, ढवळला नाही, नदीला विसावा मिळाला, तर वाईट काय? उलट दुप्पट येतील.

"काय म्हणतेस?" त्याने हिटीला विचारलं.

"मी काय म्हणू? तुमच्या बापाला असलं काही विचारायला कुणी आलं नव्हतं, एवढं खरं." मग ती म्हणाली, "तुम्हाला देवाने दाखवलं असेल तर करा."

सकाळी इनॉकने सही केली.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर डॉर्कसमावशीने त्याला पायरीवरच गाठलं. सगळ्यांदेखत.

"काय रे इनॉक, नदी पडीक टाकलीस म्हणे?"

"एकच वर्ष, मावशी. जमिनीलासुद्धा विसावा लागतो."

"जमीन जागच्या जागी असते, बाबा. तिला पडीक टाकलं तर ती तिथेच पडून राहते, जायची कुठे? मासा पाहुणा आहे. पाहुण्याच्या तोंडावर दार लावलंस तर तो काय वर्षभर ओट्यावर विसावा घेत बसणार आहे?"

लोक हसले. इनॉकही हसला. "दुप्पट येतील बघ पुढच्या वर्षी."

"तुझ्या तोंडात साखर पडो," म्हातारी म्हणाली, "आणि माझ्या पिंपात मासे."

त्या वर्षी मासे तिच्या पिंपात पडले. हीच तर गंमत झाली. मे महिन्यात शॅड आला तो बंधाऱ्याला येऊन धडकला. वर जायला वाट नाही, मागे फिरायची अक्कल देवाने त्याला दिलेली नाही. नदी खाली इतकी दाटली की एकाच्या पाठीवर दुसरा चढलेला. जाळंबिळं काही लागलं नाही. माणसं गवत उचलायचे लोखंडी काटे घेऊन आली आणि पाण्यातून मासे उपसू लागली. शेजारच्या गावांतून गाड्या आल्या. ढीग घालायला, पाठ करून उभं राहायला कुणाला फुरसत नव्हती. ज्याचा हात लांब त्याचा वाटा मोठा. डॉर्कसमावशीला शेजारच्या पोरांनी तीन पिंपं भरून दिली. उरलेले मासे काठावर कुजले. तिथे डुकरं सोडली.

"बघितलंस ना मावशी?" कुणीतरी ओरडलं. "इनॉककाकाने नदी पडीक टाकली आणि पीक केवढं आलं!"

इनॉक हसला नाही. त्याने काठावरचा एक मासा उचलून सुरीने चिरला. पोट गाभोळीने गच्च भरलेलं होतं. दुसरा चिरला, तोही तसाच. ती अंडी वरच्या तळ्यात, गोड्या पाण्यात पडायची होती. तो ती तळहातावर घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हात नदीत धुतला.

पुढच्या वर्षी मे महिना उजाडला तसा तो पहार घेऊन बंधाऱ्यावर गेला. या वेळी सही नव्हती, कायदा त्याच्या बाजूला होता. थॉर्नडाइक खाली आला. बरोबर गिरणीतल्या चाळीस मुली आल्या. त्यांना कुणी बोलावलं की त्या आपणहून आल्या, देव जाणे.

"उघडा," थॉर्नडाइक म्हणाला. "मी तुमचा हात धरणार नाही. पण दार उघडलं की तळं उतरेल, चाक थांबेल, आणि पाणी भरेपर्यंत गिरणी बंद. तीन-चार आठवडे या मुलींना मी मजुरी देऊ शकत नाही. हे तुम्हीच त्यांना सांगा."

मुलींत लोइस होती. केसांत कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी ती पिकल्यासारखी दिसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "नका ना."

"अगं, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे."

"तुमच्यासाठी तीन आठवडे. मॅटीच्या मजुरीवर तिचा भाऊ शाळेत आहे. सुझनची आई अंथरुणाला आहे. आम्ही इथल्या खानावळीत राहतो, तिथे काय प्रार्थना म्हणून जेवण मिळतं? आणि तुमच्या दगडांतून तरी काय निघतं? गेल्या हिवाळ्यात तुम्ही पायात घातलेत ते बूट कुणाच्या मजुरीचे?"

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. इनॉकने पायांकडे बघितलं. बूट चांगले होते.

बंधाऱ्याखाली मासे येऊन धडकत होते. आवाज ऐकू येत होता, ओल्या हाताने दार ठोठावल्यासारखा.

"मावशी," खडकावर बसलेल्या डॉर्कसकडे वळून तो म्हणाला, "काय करू?"

"मला विचारू नकोस," म्हातारी म्हणाली. "मी काय सांगणार? माझं पोट एक, या चाळीस. मी दार उघड म्हटलं तर माझ्या तोंडात घास गोड लागेल का? आणि उघडू नको म्हणायला माझी जीभ वळत नाही. राखणदार तू आहेस. शपथ तू घेतलीस."

इनॉकने पहार खांद्यावर टाकली आणि तो घरी गेला. तिसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला आणि पुन्हा परत आला. त्या वर्षी मासे कमी होते. खडकावर बसलं तर एकेक वेगळा दिसे.

अठराशे पंचवीसच्या गावसभेत ठराव आला की बंधाऱ्याचं दार कधी उघडावं हे कंपनीने आपल्या सोयीने ठरवावं. गिरणीतले मुकादम, रंगारी, यंत्रं दुरुस्त करणारे आता गावचेच रहिवासी झाले होते, त्यांनाही मत होतं. ते मागच्या बाकांवर सगळे एकत्र बसले होते. सभापतीने हात वर करायला सांगितलं. मागचे हात वर झाले ते ठीकच. पण इनॉकने पुढे बघितलं तर त्याच्याबरोबर वीस-वीस वर्षं जाळं ओढलेल्या माणसांचेही हात वर होते. कुणाची मुलगी गिरणीत, कुणाचं दूध गिरणीच्या खानावळीत. गाव करी ते राव काय करी. एकाने तर इनॉककडे बघून, जणू माफी मागतोय असा, हात अर्धाच वर केला. सभापतीने तोही मोजला.

त्या मे महिन्यात इनॉकने खडकावरून अकरा मासे मोजले. डॉर्कसमावशीने गाय विकली.

अठराशे सव्वीसमध्ये मोठं चाक दुरुस्तीला आलं. एप्रिलच्या शेवटी थॉर्नडाइक स्वतः घोडागाडीतून टेकडी चढून आला.

"आनंदाची बातमी आणली आहे, मिस्टर पेटिन्गिल. महिनाभर गिरणी बंद आहे. दार उघडून टाकलंय. सताड. आता तरी खूश?"

हे तो खरोखर मनापासून बोलत होता. त्याला वाटत होतं, आपण राहिलेलं देणं चुकतं केलं. इनॉकने त्याचे आभार मानले. हिटीने मेपलचा पाक बाहेर काढला नाही.

शिंग उतरवून इनॉकने चरबीने पुसलं. दुसऱ्या दिवशी झुडपं पांढरी झाली. तो पहाटे खडकावर गेला तर डॉर्कसमावशी आधीच येऊन बसलेली, बादली शेजारी ठेवून. बंधाऱ्याच्या दारातून पाणी मोकळं वाहत होतं. पाच वर्षांत ऐकला नव्हता असा धबधब्याचा जुना आवाज परत आला होता. गावातली माणसंही आली. जाळी कुजली होती, बायकांनी ती रात्री बसून सांधली. पोरं झाडांवर चढून बसली.

पहिला दिवस गेला. "अजून पाणी थंड आहे," लोक म्हणाले.

चौथा दिवस गेला. "यंदा वारा उलटा आहे."

आठवड्याने लोक कमी झाले. पेरणी खोळंबली होती. दुसऱ्या आठवड्यात पोरं यायची थांबली. मग खडकावर दोघंच उरली. इनॉक पाण्याकडे बघे आणि मनात प्रार्थना करी. आधी तो म्हणे, देवा, पूर्वीसारखे पाठव. मग म्हणे, शंभर पाठव. शेवटी शेवटी म्हणे, एक जोडी पाठव, नोहाच्या तारवात गेली तशी.

झुडपांच्या पाकळ्या गळून पाण्यावर पडल्या. लांबून त्या एकदा चांदीसारख्या चमकल्या. इनॉकने शिंग तोंडापर्यंत नेलं आणि खाली घेतलं.

"फुलं आहेत," डॉर्कसमावशी म्हणाली.

"दिसलं मला."

तिने बादली पायाशी ओढून घेतली.

"इनॉक, एझा सांगायचा," ती म्हणाली. "जो मासा इथे जन्मतो तोच चार-पाच वर्षांनी इथे परत येतो. दुसऱ्या नदीचा मासा या नदीत शिरत नाही. आज यायचे होते ते बावीस साली इथे जन्मायचे होते."

"जन्मलेच नाहीत," इनॉक म्हणाला.

"नाहीत."

"मी सही केली, मावशी."

त्याला वाटलं, आता ती म्हणेल, तुझ्या मनात वाईट नव्हतं. किंवा म्हणेल, तू नाही तर दुसऱ्या कुणी केली असती. गावात सगळे तसंच म्हणत. हिटीही म्हणे.

"हो," डॉर्कसमावशी म्हणाली. "केलीस."

तिने रिकामी बादली उचलली. ती धरून चढ चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. इनॉकने हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

त्या हिवाळ्यात ती घेवडा उकडून खाई. नंतर त्याच्याच सालींचं पाणी मीठ घालून पिई. हे कुणाला कळू नये म्हणून धुराड्यातून धूर मात्र वेळच्या वेळी काढी. फेब्रुवारीत ती जळण आणताना पडली आणि शेजाऱ्याने आत नेली, तेव्हा त्याला दोन्ही पिंपं कोरडी दिसली. इतकी कोरडी की फळ्या सुकून त्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. तिचं नाव पंचांकडे गेलं.

सत्तावीस सालची गावसभा. बाहेर चिखल आणि उरलेला बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास. पंच निवडले, रस्त्याचा मुकादम निवडला. सभापतीने कागदावर बोट ठेवलं.

"माशांचा राखणदार."

मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "कुणाचं नवीन लग्न झालंय?"

सभागृह हसलं. मागचे हसले, मग पुढचेही हसले. इनॉकला आधी कळेना की हे कशाला हसतात. मग कळलं.

"इनॉककाकाच राहू द्या," दुसरा म्हणाला. "कामाचा भार झेपतोय त्यांना."

पुन्हा हशा. सगळे हात वर झाले. सत्तावीस वर्षांत इतके हात कधी वर झाले नव्हते. इनॉक उभा राहिला, उजवा हात त्याने बायबलावर ठेवला. शपथ त्याला पाठ होती. देवाने या नदीत पाठवलेल्या माशांना मी वर जाऊ देईन आणि खाली जाऊ देईन, आणि कुणाचीही भीड धरणार नाही, देव माझा साक्षी. त्याने ओठ हलवले. "देवाने या नदीत..." इथपर्यंत आला आणि थांबला.

"पुढे, पेटिन्गिल," सभापती म्हणाला.

"मला खोटी शपथ घेता येत नाही," इनॉक म्हणाला आणि बायबलावरचा हात काढून खाली बसला.

सभापतीने लेखणी उचलून कागदावर एक रेघ मारली. "हे पद यापुढे नाही," तो म्हणाला. "आता गावचे गरीब."

डनफील्डमध्ये गरिबांचा लिलाव होई. जो सगळ्यांत कमी पैसे घेऊन वर्षभर सांभाळायला तयार असेल त्याच्या घरी गाव त्या माणसाला देई. आपण ख्रिस्ती माणसं, उपाशी मरू देत नाही, असं सगळ्यांना वाटे, आणि इनॉकनेही आयुष्यभर त्यावर कधी विचार केला नव्हता. त्या वर्षी दोन पोरकी मुलं होती, एक वेडसर माणूस होता, आणि शेवटी डॉर्कसमावशी. तिला चुलीजवळच्या बाकावर आणून बसवलं होतं. तिने स्वच्छ टोपी घातली होती. पडल्यापासून तिची एक बाजू जरा वाकडी होती.

"डॉर्कस सॉयर, विधवा, वय त्र्याहत्तर," सभापतीने वाचलं. "शिवणकाम येतं. खाणं कमी."

"जीभ मात्र शाबूत," डॉर्कसमावशी म्हणाली. "तेही लिही रे. मागाहून कुणी फसवलं म्हणायला नको."

थोडे हसले. फार नाही.

"आठवड्याला एक डॉलर," पहिला आवाज आला.

"नव्वद सेंट."

"सत्तर." हा लांबच्या मळ्यातला बार्न्स होता. त्याच्याकडे मागच्या वर्षी दिलेला म्हातारा जानेवारीत गोठ्यात मेला होता. सगळ्यांना ठाऊक होतं.

"सत्तर. आणखी कमी?"

इनॉक कधी उठला ते त्याला कळलं नाही. त्याला तिच्याकडे बघवेना म्हणून तो खिडकीकडे वळला. सभेकडे त्याची पाठ झाली होती. खिडकीतून उतार दिसत होता, खाली नदी, आणि तिच्यावर गिरणीचा धूर. मागे सभापतीची काठी मेजावर आपटली.

"हिला कोण नेतो?"

"माझा वाटा," इनॉक मागे न बघता म्हणाला.

"काय म्हणालास? किती?"

"काही नको. पैसे नकोत."

मागच्या बाकांवरच्या नव्या माणसांना यात काही कळलं नाही. पुढच्या जुन्या माणसांना कळलं, आणि ती आपापल्या हातांकडे बघत बसली.

इनॉकने तिला बैलांच्या घसरगाडीवर बसवलं आणि घोंगडी गुंडाळली. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं,

"हिटीला विचारलंस का?"

"नाही."

"ओरडेल तुला."

"ओरडू दे."

"इनॉक," ती म्हणाली, "मी येते, कारण बार्न्सच्या गोठ्यापेक्षा तुझं स्वयंपाकघर बरं. पण तू मला घरी नेलंस म्हणून ते फिटलं, असं समजू नकोस."

"नाही समजत, मावशी."

"बरं मग. घोंगडी जरा वर ओढ."

हिटी ओरडली नाही. तिने ताटात तिसरी भाकरी वाढली. ती वाढली म्हणजे इतर दोन लहान झाल्या. लोइस मोठ्या नदीवरच्या मोठ्या गिरणीत गेली होती. तिचं पत्र महिन्याला येई. एका पत्रात खोकल्याचं लिहिलेलं होतं आणि पुढच्या पत्रात खोकल्याचं काहीच नव्हतं. ते न लिहिलेलंच हिटी पुन्हा पुन्हा वाची. दुकानातून खारवलेला कॉड मासा आणावा लागे, कुठल्या लांबच्या समुद्रातला, फळीसारखा. जेवणाआधी इनॉक बायबल वाची, हिटी प्रार्थना म्हणे, आणि शेवटी आमेन म्हणायला इनॉक थोडा उशीर लावी. हिटी डोळे मिटून त्याच्यासाठी थांबे. शिंग तिने जेवायला हाक मारण्यासाठी दाराशी टांगून ठेवलं होतं.

मे महिन्यात दारासमोरचं शॅडचं झुडूप पांढरं झालं. डॉर्कसमावशीची खुर्ची खिडकीशी होती. ती दोन दिवस त्याच्याकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इनॉक, कुऱ्हाड घेऊन ते काढून टाक."

त्याने कुऱ्हाड घेतली. तीन-चार घावांत ते आडवं झालं. फुलांसकट ओढत त्याने ते कुंपणापलीकडे टाकलं आणि आत येऊन हात धुतले.

ती ऑक्टोबरमध्ये गेली. गावाने तिला एझाच्या रिकाम्या थडग्याशेजारी पुरलं.

शॅडचं झुडूप तोडून मरत नाही, हे इनॉक विसरला होता. पुढच्या वर्षी बुंध्यातून सात फुटवे आले. त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ते सातही पांढरे झाले.